कपाटावरचं क्लॅरनेट

दोह्याच्या मुंतझा भागातल्या आमच्या घरात एक न सांगितलेला नियम होता: आतल्या खोलीत, कपाटाजवळ, मोठ्यानं बोलायचं नाही. रेडिओ बाहेरच्या खोलीत, भांडण स्वयंपाकघरात आणि माझी शाळेची घोकंपट्टी जिन्याच्या पायरीवर. कपाटावर एक काळी लांबट पेटी होती आणि पेटीत पप्पांचं क्लॅरनेट. माझा मेलेला भाऊ सायमन त्या क्लॅरनेटमध्ये आहे असं आई, पप्पा आणि मी, आम्हा तिघांनाही वाटायचं, आणि तिघंही ते एकमेकांपासून लपवून होतो. आता साठी उलटल्यावर हे वाक्य लिहिताना माझं मलाच हसू येतं. मी आयुष्यभर हॉस्पिटलच्या लॅबमध्ये लोकांचं रक्त तपासलेली बाई. माझ्यापुढे कुणी भूतखेत, नजर, करणी असलं काही काढलं की मी त्याला आधी हिमोग्लोबिन करून घ्यायला सांगते. पण कानांनी जे ऐकलं ते ऐकलं, त्याला मी काय करू.

आम्ही मूळचे वसईचे. आमच्याकडे लग्नाला बँड लागतो आणि मयतालाही बँडच लागतो. माणसं तीच, वाद्यं तीच. मयताला फक्त ढोलावर काळं कापड टाकतात आणि चाल संथ होते. पप्पा इथे कतारला, दुखानच्या तेलाच्या कंपनीत फिटर होते. मे महिन्यात रजेवर गावी आले की बॅग उघडायच्या आत बँडमास्तर मोजेसकाका दारात हजर असायचे. त्या वर्षीही असेच आले आणि पप्पांना शेजारच्या गावातल्या वरातीला घेऊन गेले. त्याच दुपारी सायमन बावखलात बुडाला. बावखल म्हणजे आमच्या वाड्यांमधलं पाण्याचं तळं, आमच्या घरामागेच होतं, पोरं रोज त्यात डुंबायची. वरातीचा आवाज आमच्या वाडीपर्यंत येत होता. सायमन ओरडला असेल तर त्याचं ओरडणं त्या आवाजात बुडून गेलं, असं पप्पांनी मनाशी धरलं. कुणी त्यांना तसं म्हटलं नव्हतं, पण असल्या गोष्टी दुसऱ्यानं सांगाव्या लागत नाहीत.

बँडवाल्यांचा एक रिवाज आहे. ज्याच्या घरचं मयत, त्यानं वाद्याला हात लावायचा नाही. बाकीचे येऊन वाजवतात, आणि त्या घरचा चहासुद्धा घेत नाहीत. पप्पांनी तो रिवाज मोडला. मोजेसकाकांनी त्यांचा दंड धरला, "पास्कल, तू फक्त चाल," असं सांगितलं, पण पप्पा घरापासून सिमेटरीच्या फाटकापर्यंत वाजवत गेले. मी आईचा हात धरून मागे होते. मला त्यांची पाठ दिसत होती आणि दर थोड्या वेळानं श्वास घेताना वर होणारे खांदे दिसत होते. सायमनसाठी त्यांनी केलेलं ते शेवटचं काम. वाजवून झालं की क्लॅरनेट उघडून आतून कापड फिरवायचं असतं, कारण फुंकून फुंकून नळीत श्वासाचं पाणी जमतं. ओठाला लागणारी बांबूची पत्ती काढून पुसून ठेवायची असते. पप्पा या बाबतीत इतके काटेकोर, की जेवणाचं ताट समोर आलं तरी आधी वाद्य पुसायचे. त्या दिवशी त्यांनी काही पुसलं नाही. ओलं क्लॅरनेट पत्तीसकट पेटीत घातलं आणि कड्या लावल्या. बावखलाच्या काठावरच्या त्या घरात आम्हाला ठेवून परत जाणं त्यांना जमेना, म्हणून त्यांनी खटपट करून फॅमिली व्हिसा मिळवला आणि आम्हा दोघींना दोह्याला आणलं. ती पेटी त्यांनी विमानात मांडीवर घेतली होती.

मुंतझातलं ते घर म्हणजे दोन खोल्या, एक चिंचोळं स्वयंपाकघर आणि खिडकीत घरघरणारा एसी. खाली मल्याळी माणसाची किराणा बाकाली, तिच्या बाजूला करक चहाची टपरी, आणि समोर मशीद. इतक्या जवळून बांग मी कधी ऐकली नव्हती. पहिल्या आठवड्यात दचकायचे, मग त्यावरच घड्याळ लावू लागले. पप्पा आठवडाभर दुखानला राहायचे. गुरुवारी दुपारी कंपनीच्या कुणाच्या तरी गाडीतून यायचे आणि शुक्रवारी संध्याकाळी परत जायचे. आंघोळ, जेवण, आणि मग पलंग सोडून कपाटासमोर जमिनीवर चटई. पाठीला बरं वाटतं म्हणायचे. आई सकाळी एका दातांच्या दवाखान्यात नर्स होती, मी शाळेत. दुपारी आम्ही दोघीच घरी. पडदे ओढलेले, बाहेर ऊन असं की रस्त्यावर कुत्रं दिसत नव्हतं, आणि घरात आम्ही दोघी एकमेकींकडे पाठ करून पडलेल्या.

तेव्हा तो सूर यायचा. एकच, खालचा, जाडसर, लांब ओढलेला. मधेच थांबायचा, श्वास घेतल्यासारखा, आणि पुन्हा यायचा. पहिल्यांदा ऐकला तेव्हा मी आईकडे वळले. तिचे डोळे उघडे होते. "एसी आहे," ती म्हणाली. दुसऱ्या दिवशी पुन्हा आला, तेव्हा तिनं उठून एसी बंद केला. जूनचा दोहा, आणि आम्ही दोघी वर्तमानपत्रानं वारा घेत बसलोय. सूर चालूच. आईनं घाम पुसला आणि म्हणाली की वरच्या मजल्यावरच्यांचा एसी असेल. आमच्या वरती गच्ची होती. तिनं एसी पुन्हा लावला आणि दोघी झोपेचं सोंग घेऊन पडलो.

खालच्या मजल्यावर दापोलीच्या मुकादमकाकू राहायच्या. मायाळू बाई, दर सणाला ताट भरून पाठवायची, रिकामं ताट परत न्यायला स्वतः यायची आणि दोन तास बसायची. एकदा अशीच बसली असता तिनं सहज आईला विचारलं, "दुपारची सनई कोण वाजवता गो तुमच्याकडं?" आई कांदा चिरत होती. रेडिओ आहे म्हणाली. काकूंनी मान हलवली, पण जाताना उंबऱ्यात थांबून ओठांतल्या ओठांत काहीतरी दुआ पुटपुटल्या आणि आमच्या दारावर फुंकर मारली. आईनं तो कांदा इतका बारीक चिरला की त्याचं पाणी झालं. मला मात्र बरं वाटलं. वेड लागलं असलंच तर आम्हा एका घरालाच नाही, हे कळलं.

एतियेन आमच्या घरात आला तो आईच्या दवाखान्यातून. फ्रेंच माणूस, उंच, थोडा वाकलेला, पांढऱ्या कोटाच्या बाह्या झिजलेल्या, आणि खालच्या ओठावर मधोमध एक कायमचा वण, जात्याच्या खुंट्यानं हाताला पडावा तसा. किनाऱ्यावरच्या एका मोठ्या हॉटेलात दुपारच्या चहाला आणि संध्याकाळी तो जॅझ वाजवायचा, क्लॅरनेटवर. वरचा पुढचा दात हलत होता म्हणून आला होता. सगळं आयुष्य वाद्याचं टोक त्याच दातावर टेकवलेलं, दात तरी किती सोसणार. डॉक्टर दात काढू म्हणाले तेव्हा तो हसला आणि म्हणाला, काढा, आता कशाला हवाय. आईनं कापूस धरता धरता कारण विचारलं. त्याचं क्लॅरनेट लाकडाचं होतं. लॉबीतला गारठा आणि दाराबाहेरची भट्टी, यात ते वरच्या भागात उभं तडकलं होतं. दुरुस्त करणारा दोह्यात कुणी नव्हता, नवं वाद्य विकणाराही नव्हता. तडकलेलं त्यानं पॅरिसला पाठवलं होतं, पण ते यायला बरेच आठवडे लागणार होते आणि मॅनेजर तेवढा थांबायला तयार नव्हता. व्हिसा हॉटेलचा. वाद्य नाही म्हणजे काम नाही, काम नाही म्हणजे खलास, यल्ला, एअरपोर्ट. आईनं त्याचं तोंड पुसलं आणि म्हणाली, दात राहू द्या, शुक्रवारी आमच्याकडे जेवायला या, आमच्या घरी एक क्लॅरनेट आहे. हे तिनं मला पुढे कित्येक वर्षांनी सांगितलं. पप्पांना तिनं एवढंच सांगितलं की दवाखान्यातला एक पेशंट येणार आहे, एकटा आहे बिचारा.

त्या वेळी दोह्यात चर्च नव्हतं. शुक्रवारी सकाळी एका व्हिलात मिस्सा व्हायचा, गाड्या लांब लावून लोक दोघादोघांनी आत शिरायचे. मिस्साहून आलो तेव्हा एतियेन जिन्यात उभा होता, हातात पेस्ट्रीचा डबा. आईनं हामूर माशाचं बाटली मसाल्यातलं कालवण केलं होतं, भात होता, आणि गावाहून मावशीनं पाठवलेली सुकेळी होती, म्हणजे आमची वसईची उन्हात वाळवलेली केळी. पप्पांचं नाव पास्कल आहे हे ऐकून त्याला इतका आनंद झाला की काही विचारू नका. त्याच्या एका काकाचं तेच नाव. फ्रान्सच्या पश्चिमेला समुद्रकाठी त्याचं गाव, मासे खाणारी माणसं, त्यामुळे कालवणावर त्यानं असा हात मारला की आई खूश. जेवता जेवता त्यानं स्वतःची सगळी कारकीर्द सांगितली, अगदी तिऱ्हाइताची गोष्ट सांगावी तशी.

त्याचे आजोबा गावातल्या लग्नांत क्लॅरनेट वाजवायचे. जुनं, थोड्या चाव्यांचं वाद्य, त्यावरच हा शिकला. मग पॅरिसच्या मोठ्या संगीतशाळेत गेला, तिथे शिस्त जमली नाही, आणि तळघरातल्या जॅझ क्लबांत वाजवू लागला. बाविसाव्या वर्षी त्याची एक रेकॉर्ड निघाली. दोन हिवाळे तो प्रसिद्ध होता, असं तो म्हणाला. लोक रस्त्यात ओळखायचे, एका पावरोटीवाल्यानं पैसे घेतले नाहीत. मग हवा बदलली. सगळ्यांना सॅक्सोफोन हवा झाला, मग गिटार हवी झाली. तो म्हणाला, क्लॅरनेट म्हणजे एकेकाळच्या गोड मुलीसारखं, सगळ्यांना आठवते पण जेवायला कुणी बोलवत नाही. मग बोटींवर वाजवलं, मग आबिजानच्या हॉटेलात, मग बैरूतला, तिथे युद्ध सुरू झालं तेव्हा बहरीनला, आणि आता इथे. दर वेळी हॉटेल जरा लहान आणि ऊन जरा जास्त. त्या एकमेव रेकॉर्डची प्रत त्याच्याकडे नव्हती. पण बाविसाव्या वर्षीचा तो पोरगा आपल्या मागे लागलाय, आपण वाजवायला उभं राहिलो की तो कोपऱ्यात बसून ऐकतो आणि मान हलवतो, असं तो म्हणाला. पप्पा यावर हसले नाहीत. त्यांनी त्याला आणखी भात वाढला.

मी सध्या दोह्यातच, मुलाकडे द पर्लला राहते. खाली बोटी, दुकानं, सगळं चकाचक. नातवाला मराठी सगळं समजतं आणि उत्तर इंग्रजीत देतो. परवा त्याला एतियेनचं नाव सांगितलं, तर त्यानं करक संपायच्या आत फोनवर ती रेकॉर्ड काढून दिली. इतकी वर्षं त्या माणसाला जिची प्रत मिळाली नाही ती माझ्या तळहातावर वाजत होती. कव्हरवर काळ्या केसांचा हसरा मुलगा, सगळे दात जागेवर. खाली कुठल्याशा देशातल्या कुणी विचारलं होतं की या वादकाचं पुढे काय झालं, कुणाला माहीत आहे का. मी उत्तर लिहायला घेतलं. दोह्यात आमच्याकडे दर शुक्रवारी जेवायला यायचा, इतकं लिहिलं आणि पुसून टाकलं. नातू म्हणाला की हा छान वाजवतो, मग मोठा का नाही झाला. मी म्हटलं, बाबा, छान वाजवणारे सगळेच मोठे झाले असते तर ऐकायला कोण उरलं असतं.

तर त्या शुक्रवारी सुकेळी खाताना आईनं विषय काढला. मराठीत, म्हणजे पाहुण्याला कळू नये. याचं वाद्य तडकलंय, आपलं एबोनाइटचं, कडक रबराचं आहे, ते तडकत नाही, काही दिवस याला देऊ. पप्पांनी तिच्याकडे बघितलं सुद्धा नाही. ते वाजत नाही, म्हणाले. आई म्हणाली, वाजवल्याशिवाय कसं वाजेल. पप्पांनी हात धुतले, पुसले, परत येऊन बसले आणि हळू आवाजात म्हणाले की त्या नळीत माझा जो श्वास आहे तो पोरासाठी आहे, दुसरा कुणी फुंकणार नाही. आई त्यांना कधी नावानं हाक मारायची नाही, आमच्याकडे तशी पद्धतच नव्हती. त्या दिवशी मारली.

"पास्कल, सायमन त्याच्यात नाहीये."

"मग मला ऐकू कोण येतं?"

आईनं आपली बशी बाजूला सरकवली. मला वाटलं आता ती एसीचं सांगणार.

"मलाही येतं," ती म्हणाली. "तुम्हाला दीड दिवस येतं. मला रोज येतं. रोज दुपारी मी त्याला ऐकत पडते आणि उठून त्याला काही देता येत नाही. मला झोप हवी आहे आता."

मीही म्हणाले, मलापण येतं. दोन वर्षं एका छताखाली राहून हे आम्ही पहिल्यांदा एकमेकांना सांगत होतो, आणि ते सुद्धा एका परक्या माणसासमोर, ज्याला आमचा एकही शब्द कळत नव्हता. त्यानं हातातलं केळं बशीत ठेवलं आणि खाली बघत राहिला. पप्पा आईकडे बघत होते. तिच्या डोळ्यांखालची काळी वर्तुळं मला रोजची झाली होती, पण त्यांनी ती त्या दिवशीच नीट बघितली असावीत. ते उठले, खुर्चीवर चढले आणि पेटी खाली काढली.

एतियेननं पेटी उघडली आणि त्याचा हात थबकला. जुनी पत्ती अजून जागेवर, बुरशीनं काळी पडलेली. चाव्यांवर हिरवट थर. नळी न पुसलेली. वाजवणाऱ्या माणसाला हे दृश्य म्हणजे भरल्या ताटावरून कुणी उठून गेल्यासारखं. त्यानं पप्पांना इंग्रजीत विचारलं की तुम्ही वाजवणारे आहात, मग हे असं कसं ठेवलंत. पप्पांनी मोडक्यातोडक्या इंग्रजीत सांगितलं: मुलगा, मयत, मी वाजवलं, आत माझा श्वास. एवढंच. एतियेननं पेटी बंद केली आणि अलगद पप्पांकडे सरकवली. मला हे नको, म्हणाला. मी मॅनेजरशी बोलेन, गावी माझी बहीण आहे, मी तिच्याकडे जाईन, माझं काय, झालं तेवढं पुष्कळ झालं. तो उठायला लागला तेव्हा पप्पांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवून त्याला खाली बसवलं. मग खिशातला रुमाल काढला, त्याला दोरी बांधली, दोरीला आईची एक किल्ली, आणि नळीच्या एका तोंडातून किल्ली सोडून दुसऱ्या तोंडातून रुमाल सावकाश ओढून घेतला. रुमालावर एक लांब करडी रेघ उमटली. पप्पांनी ती उजेडात धरून बघितली, आणि रुमाल घडी करून मोरीत भिजत टाकला.

एतियेनच्या कोटात पत्त्यांची डबी होतीच. नवी पत्ती लावून त्यानं एक सूर काढला, सगळ्यात खालचा. तोच. आईनं खुर्चीची पाठ घट्ट धरली. मग तो सूर वर चढत गेला, वळला, पायऱ्या उतराव्या तसा भराभर खाली आला, आणि त्यात दुसऱ्याच कुणाचा तरी श्वास होता, तंबाखूचा, म्हाताऱ्या फ्रेंच माणसाचा. बँडचं वाद्य हॉटेलातल्या पियानोपेक्षा सुराला जरा चढं होतं, ते त्यानं सांधे थोडे बाहेर ओढून उतरवलं. चाव्या जुन्या पद्धतीच्या, पण आजोबांच्या वाद्याची बोटं त्याला अजून आठवत होती. जाताना त्यानं पेटी दोन्ही हातांनी छातीशी धरली होती. जिन्यात मुकादमकाकू भेटल्या तर त्यांनाही वाकून नमस्कार केला.

दुसऱ्या दिवशी दुपारी घर गप्प होतं. एसी घरघरत होता, बाकालीवाल्याच्या शटरचा आवाज आला, आणि बाकी काही नाही. आई झोपली. अशी झोपली की दुपार कलतानाची असरची बांग झाली तरी उठली नाही, रोज ती बंद करायची ते पाण्याच्या टाकीचं बटन मीच बंद केलं. पुढचे दिवस तिनं घर पार बदललं. रेडिओ आतल्या खोलीत आणला, नवे पडदे शिवले, कपाटाची दारं मोठ्यानं आपटू लागली. मला म्हणायची, बाय, जरा मोठ्यानं वाच, कळू दे शेजाऱ्यांना काय इंग्रजी येतं ते. मी वाचायचे. पण मला त्या खोलीत आता आधीपेक्षा जास्त भीती वाटायची. आधी कुणीतरी होतं. आता एक जागा होती, आणि ती भरायला आई एवढा आवाज करत होती.

पप्पा गुरुवारी दुखानहून आले की कपडे बदलून हॉटेलात जाऊ लागले. मिस्साचा शर्ट, पॉलिश केलेले बूट, सोबत मी. लॉबीत दुपारच्या चहाच्या वेळी एतियेन, एक पियानोवाली बाई आणि एक बासवाला वाजवायचे. पप्पा कोपऱ्यातल्या खुर्चीवर एक पेप्सी घेऊन बसायचे आणि ती पुरवून पुरवून प्यायचे. लोक गप्पा मारत असायचे, कप वाजायचे, जॅझकडे कुणाचं लक्ष नसायचं. पप्पा मात्र मान तिरकी करून ऐकत असायचे. पहिल्या गुरुवारी बाहेर पडताना म्हणाले, खालच्या सुरात होता तो. एतियेनही म्हणाला होता की हे वाद्य मला नको तिथे थांबवतं, मी श्वास घेणार नसतो तिथे माझा श्वास काढून घेतं. तसं थांबायला पियानोवालीही शिकली, असं तो म्हणाला. पुढच्या गुरुवारी पप्पा म्हणाले, आज कमी होता. मग आणखी कमी. एकदा एक गोरं पोर आईचा हात सोडून त्या वाजवण्यावर गोल गोल फिरू लागलं आणि पप्पांनी बुटाच्या टाचेनं ताल धरला, माझ्याकडे बघून थांबले, आणि पुन्हा धरला. आई एकदाही हॉटेलात आली नाही. तिला बोलावलं की म्हणायची, मला काय कळतंय त्यातलं, तुम्ही जा. पप्पांना निरोप द्यायला तितके गुरुवार मिळाले. आईला एकही नाही; तिनं एका दुपारी पेटी दाराबाहेर जाऊ दिली आणि तो गेला. हे मला तेव्हा कळलं नाही, कळायला मला स्वतःला आई व्हावं लागलं.

एतियेनचं लाकडी क्लॅरनेट दुरुस्त होऊन पॅरिसहून आलं, त्या शुक्रवारी तो आमचं परत करायला आला. ओळखू येईना. चाव्या लखलखीत, चाव्यांखालच्या गाद्या नव्या, आतून पेटीला निळी मखमल. हॉटेलनं त्याला आणखी एका सीझनसाठी ठेवून घेतलं होतं, दातही अजून हलत हलत टिकून होता, स्वारी खुशीत होती. आईनं सकाळपासून दोन भाज्या आणि मटण केलं होतं, आणि सणाला करतो तशा मैद्याच्या गोल फुग्या तळल्या होत्या. कपाटाचा वरचा भाग तिनं ओल्या फडक्यानं पुसून घेतलेला मी बघितला होता. तिथे एक नवीन विणलेला रुमाल पसरलेला होता. मला वाटलं, पाहुणा येतोय म्हणून साफसफाई.

जेवणं अर्ध्यावर असतानाच एतियेननं पेटी पप्पांपुढे ठेवली आणि हातानं फुंकण्याची खूण केली. पप्पा नको नको म्हणाले, बोटं पँटला पुसली, आणि घेतलं. पहिल्यांदा नुसती हवा गेली, मग एक किंचाळी निघाली, आणि आम्ही सगळे हसलो. मग ओठ बसले. त्यांनी वरातीची चाल वाजवली, नवरी मांडवाबाहेर पडते तेव्हाची, झपझप, उड्या मारणारी. एतियेन बोटांनी टेबलावर ताल देत होता, खालून मुकादमकाकूंचा धाकटा वर आला आणि दारात उभा राहून टाळ्या वाजवू लागला. पप्पांचं तोंड लाल झालं होतं, डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते हसत होते. मी त्यांना सायमन गेल्यापासून तसं बघितलं नव्हतं. सगळ्यात खालच्या सुरावर येऊन त्यांनी चाल संपवली, तो सूर लांब ओढला, कान लावून ऐकला, आणि वाद्य खाली ठेवलं.

आई स्वयंपाकघराच्या दारात फुग्यांची परात घेऊन उभी होती. किती वेळ उभी होती कोण जाणे.

"झालं?" तिनं मराठीत विचारलं. "गेला?"

"गेला," पप्पा म्हणाले. छातीवरचं ओझं उतरलेल्या माणसाचा आवाज. "सगळा गेला, मोनिका. आता नुसतं क्लॅरनेट आहे."

आईनं परात टेबलावर ठेवली. पदरानं हात पुसले.

"मला वाटलं होतं," ती म्हणाली, "थोडा तरी राहील."

मग ती एतियेनकडे वळली आणि इंग्रजीत विचारलं, आणखी मटण वाढू का.